इसब, त्वचेतील एन्झाइम आणि संरक्षक थर: त्वचा सावरण्याची क्रमवार पद्धत

इसब असलेली त्वचा कोरडी असते हे सर्वांना दिसते, आणि म्हणूनच बहुतेक प्रयत्न तिला ओलावा देण्यापुरते मर्यादित राहतात. ओलावा आवश्यक आहेच. परंतु कोरडेपणा हा या आजाराचा डोळ्यांना दिसणारा, उशिराचा टप्पा आहे. त्याच्या आधीच त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, जिथे जिवंत पेशीही उरलेल्या नसतात, काही एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, गरजेपेक्षा जोमाने आणि काही गरजेपेक्षा मंदपणे काम करू लागलेले असतात. अंघोळीला काय वापरावे, मॉइश्चरायझर कधी आणि किती लावावे, स्टेरॉइडचे मलम मध्येच का थांबवू नये, या रोजच्या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या एन्झाइमांच्या स्वभावात सापडतात. येथील विवेचन प्रामुख्याने अटोपिक डर्माटायटिसविषयी, म्हणजे बहुधा बालपणी सुरू होणाऱ्या आणि वारंवार उलटणाऱ्या इसबाविषयी आहे. एखाद्या धातूच्या किंवा रसायनाच्या स्पर्शाने उठणाऱ्या इसबात आधी तो पदार्थ शोधून दूर करावा लागतो. तो दूर झाल्याशिवाय पुढील पायऱ्यांचा उपयोग अपुराच राहतो.

वरचा थर कसा घडतो आणि कसा झडतो

शरीराच्या बहुतेक भागांवर हा वरचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे साध्या कागदापेक्षाही पातळ असतो. त्यात चपट्या, केराटिन या तंतुमय प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींच्या सुमारे 15 ते 20 रांगा एकावर एक रचलेल्या असतात. पीटर इलायस या त्वचाशास्त्रज्ञांनी रूढ केलेली विटा आणि चुन्याच्या भिंतीची उपमा येथे चपखल बसते: पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थांचा थर म्हणजे चुना. या चुन्यात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले असे तीन मुख्य घटक असतात, आणि त्यांपैकी वजनाने साधारण अर्धा वाटा सिरॅमाइडचा असतो. याखेरीज प्रत्येक पेशी शेजारच्या पेशीला प्रथिनांच्या बारीक दुव्यांनी जोडलेली असते. शरीरातील पाणी बाहेर उडून जाऊ नये आणि बाहेरचे जंतू, क्षोभक पदार्थ व ॲलर्जी निर्माण करणारे कण आत शिरू नयेत, ही दोन्ही कामे हीच रचना करते.

ही रचना सतत नवी होत असते. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत येऊन झडून जाण्यास साधारण चार आठवडे लागतात. झडणे आपोआप घडत नाही. त्यासाठी पेशींमधले प्रथिनांचे दुवे कापावे लागतात, आणि ते कापण्याचे काम कॅलिक्रीन गटातील एन्झाइम करतात. त्यांपैकी कॅलिक्रीन 5, 7 आणि 14 यांचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. ते मोकाट सुटू नयेत म्हणून त्वचा स्वतःच एक रोधक प्रथिन तयार करते. त्याचे नाव लेक्टी, आणि त्याचे जनुक स्पिंक5. या रोधकाचे महत्त्व 2000 साली स्पष्ट झाले, जेव्हा नेदरटन सिंड्रोम या दुर्मीळ आजाराचे मूळ याच जनुकातील बिघाडात असल्याचे आढळले. त्या रुग्णांमध्ये कापणाऱ्या एन्झाइमांवर अंकुशच उरत नाही आणि वरचा थर अकाली सुटून येतो. इसबात इतके टोक गाठले जात नाही, परंतु दिशा तीच असते.

दुसरा गट चुना तयार करणाऱ्यांचा. सिरॅमाइड थेट त्याच रूपात पेशीबाहेर येत नाही. ते साखरेशी किंवा फॉस्फरसयुक्त गटाशी जोडलेल्या स्वरूपात येते, आणि पेशींमधल्या जागेत पोहोचल्यावर बीटा-ग्लुकोसेरेब्रोसायडेज व आम्लीय स्फिंगोमायलिनेज हे एन्झाइम तो गट छाटून कामाचे सिरॅमाइड मोकळे करतात. तिसरा गट फिलॅग्रिन या प्रथिनाशी निगडित आहे. फिलॅग्रिन प्रथम केराटिनचे तंतू आवळून पेशीला चपटा आकार देते. नंतर कॅस्पेज-14 आणि इतर एन्झाइम त्याचे तुकडे करत करत शेवटी अमिनो आम्लांपर्यंत नेतात. त्यांतूनच पेशीच्या आत पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. त्वचेचा नैसर्गिक ओलावा म्हणतात तो बराचसा या विघटनाचा परिणाम असतो; प्राण्यांवरील जुन्या प्रयोगांत असेही दिसले आहे की भोवतालच्या हवेत पुरेसा कोरडेपणा आल्यावरच हे विघटन वेग घेते.

या तिन्ही गटांवर हुकमत असते ती सामूची, म्हणजेच पीएचची. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी, साधारण 4.5 ते 5.5 सामूचा असतो. हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी 1928 मध्येच त्याला आम्लाचे आवरण असे नाव दिले होते. या आम्लधर्मी वातावरणात सिरॅमाइड तयार करणारे एन्झाइम उत्तम चालतात, तर दुवे कापणारे कॅलिक्रीन मंद राहतात, कारण त्यांना उदासीन ते किंचित आम्लारिधर्मी वातावरण मानवते. सामू वर सरकला की नेमके उलटे घडते: कापणे वाढते आणि बांधणे घटते. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालत असल्यामुळे एका अंकाचा फरक कागदावर किरकोळ दिसला, तरी एन्झाइमांसाठी तो मोठा असतो. पुढील बहुतेक सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात.

इसबात काय बिघडते

2006 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील अर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलॅग्रिनच्या जनुकातील बिघाड हा इसबाचा मोठा धोका असल्याचे दाखवून दिले. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे दहापैकी एकाच्या अंगी असा एखादा बिघाड असतो. इतर लोकसमूहांत त्याचे प्रकार आणि प्रमाण वेगळे आढळते. फिलॅग्रिन कमी म्हणजे ओलावा धरणारे पदार्थ कमी. त्या पदार्थांतील काही आम्लधर्मी असल्यामुळे सामूही वर सरकण्याकडे कल होतो. मात्र हा बिघाड असलेल्या प्रत्येकाला इसब होत नाही, आणि इसबाच्या अनेक रुग्णांत तो नसतोही. त्यामुळे जनुकीय चाचणी करून घेण्याचा व्यवहारात सहसा फायदा नसतो.

जनुकात बिघाड नसतानाही इसब होण्याचे एक कारण म्हणजे दाह. इसबात रोगप्रतिकारक यंत्रणा इंटरल्यूकिन-4 आणि इंटरल्यूकिन-13 हे संदेशवाहक मोठ्या प्रमाणात सोडते, आणि ते जनुक निर्दोष असलेल्या व्यक्तीतही फिलॅग्रिनची व स्निग्ध घटकांची निर्मिती खाली ओढतात. थर कमकुवत झाला की क्षोभक पदार्थ आत शिरून दाह वाढवतात, आणि दाह वाढला की थर आणखी कमकुवत होतो. त्यात बाहेरून आलेल्या एन्झाइमांची भर पडते. इसबाच्या त्वचेवर सहज वसणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू स्वतःचे प्रथिने तोडणारे एन्झाइम सोडतो. घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म माइटच्या विष्ठेतही असे एन्झाइम असतात. वाढलेला सामू या जिवाणूच्याही पथ्यावर पडतो.

खाजेचा उलगडाही येथे काही अंशी होतो. त्वचेतील पेशींवर आणि मज्जातंतूंवर पार-2 नावाचा एक ग्राहक, म्हणजे संदेश टिपणारे प्रथिन (रिसेप्टर), असतो, जो प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांमुळेच जागा होतो आणि खाज व दाह या दोहोंचा संदेश पाठवतो. त्यामुळे ज्या प्रक्रियेने थर झिजतो तीच खाजही निर्माण करते. “मनावर ताबा ठेव आणि खाजवू नकोस” असे रुग्णाला ऐकवणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

पहिली पायरी: धुण्याची पद्धत बदलणे

सुरुवात महागड्या क्रीमपासून नव्हे, तर साबणापासून करावी. पारंपरिक वडीच्या साबणाचा सामू 9 ते 10 च्या आसपास असतो, आणि तो वापरल्यावर त्वचेचा सामू वर जाऊन पूर्ववत होण्यास काही तास लागू शकतात. निरोगी त्वचा हे भरून काढते; इसबाची त्वचा आधीच वरच्या सामूवर असल्यामुळे दिवसातून दोन-तीनदा साबण लागल्यास तिला सावरण्याची संधीच मिळत नाही. शिवाय साबण मळाबरोबर पेशींमधले स्निग्ध पदार्थही काढून नेतो.

म्हणून वडीऐवजी साबणविरहित, सौम्य आणि सुगंधरहित क्लीन्झर घ्यावा. वेष्टनावर सामू दिलेला असल्यास तो 5 ते 6 च्या दरम्यान असावा. “नैसर्गिक” किंवा “हाताने बनवलेला” अशी जाहिरात असली तरी तेल आणि दाहक सोडा यांच्यापासून बनलेला साबण आम्लारिधर्मीच असतो. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक असलेली उत्पादने टाळावीत. हा घटक असलेले ॲक्वियस क्रीम एके काळी इसबासाठी सर्रास दिले जात असे. ते त्वचेवर तसेच राहू दिल्यास काही रुग्णांना, विशेषतः मुलांना, झोंबते असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये दिला.

अंघोळ रोज करण्यास हरकत नाही. ती किती वेळ आणि कशाने होते हे अधिक महत्त्वाचे आहे. पाणी कोमट असावे आणि वेळ 5 ते 10 मिनिटांचा. क्लीन्झर सर्वांगाला न लावता काखा, जांघा, पाय आणि प्रत्यक्ष मळलेले भाग एवढ्यापुरताच वापरावा, कारण इतर भागांना पाणी पुरते. घासणी, खरखरीत कापड, दाणेदार स्क्रब यांना पूर्ण रजा द्यावी: एन्झाइम जे दुवे आधीच घाईने तोडत आहेत, त्यांवर यांत्रिक घर्षणाची भर घालण्यात काहीच अर्थ नाही. शॅम्पूचा फेस अंगावरून ओघळू नये म्हणून केस शक्यतो डोके पुढे झुकवून वेगळे धुवावेत. अंग टॉवेलने न चोळता हलकेच टिपावे.

पाण्यात मिसळण्याच्या स्निग्ध द्रवांवर मात्र खर्च करू नये. ब्रिटनमध्ये मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला असे द्रव घातल्याने काही उपयोग झालेला दिसला नाही. जड पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचेही तसेच: जड पाण्याच्या भागांत इसब अधिक आढळतो हे खरे असले, तरी 2011 च्या चाचणीत यंत्र बसवल्याने मुलांच्या इसबात फरक पडला नाही.

दुसरी पायरी: मॉइश्चरायझर योग्य वेळी आणि पुरेसे

अंग टिपल्यानंतर त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे. मुरलेले पाणी वेगाने उडून जाण्याआधी वर स्निग्ध आवरण बसावे हा यामागचा हेतू. येथे एन्झाइमांची दुसरी बाजू समोर येते. सर्वांत वरच्या रांगांत कापणाऱ्या एन्झाइमांना काम करण्यासाठी पाणी लागते. थर पार कोरडा पडला तर तेथले दुवे अर्धवट तुटलेले राहतात आणि पेशी एकेक करून झडण्याऐवजी गठ्ठ्याने, पांढऱ्या खवल्यांच्या रूपात सुटतात. म्हणजे इसबाच्या त्वचेत एकाच वेळी खालच्या रांगांत कापणे जास्त आणि वरच्या रांगांत अपुरे, अशी विसंगती असू शकते. खवले ओढून किंवा घासून काढण्याऐवजी ओलावा टिकवला की ते आपसूक सुटतात, ते याच कारणाने.

कोणते उत्पादन घ्यावे? लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम या चार प्रकारांची तुलना करणाऱ्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत मुलांमध्ये चारही सारखेच परिणामकारक ठरले. त्यामुळे सर्वोत्तम क्रीमचा शोध थांबवून जे रोज विनातक्रार लावले जाईल तेच निवडावे. फार कोरड्या भागांना व रात्री घट्ट मलम, उष्ण व दमट हवेत किंवा केसाळ भागांना लोशन किंवा जेल, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. त्यात सुगंध नसावा. सिरॅमाइडयुक्त उत्पादने तर्काला धरून आहेत आणि अनेकांना मानवतातही, परंतु साध्या पेट्रोलियम जेलीपेक्षा ती प्रत्येक वेळी सरस ठरतात असे समजून अवाच्या सवा पैसे मोजण्याची गरज नाही. युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेली क्रीमे जाड, कोरड्या, पण न फुटलेल्या त्वचेवर चांगली. चिरलेल्या किंवा पाझरणाऱ्या त्वचेवर ती झोंबतात, आणि लहान मुलांना तर अधिकच.

सर्वाधिक चूक प्रमाणात होते. सर्वांगावर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मॉइश्चरायझर लागू शकते, आणि प्रौढाला त्याहूनही अधिक. छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर लावणे कमी पडते आहे असे खुशाल समजावे. दिवसातून किमान दोनदा, केसांच्या वाढीच्या दिशेने, न रगडता पसरावे. उलट दिशेने चोळल्यास केसांची मुळे सुजून बारीक पुरळ येते. डबा असेल तर मलम स्वच्छ चमच्याने काढावे, कारण बोटे बुडवल्याने त्यात जिवाणू वाढतात. आणखी एक धोका कमी लोकांना ठाऊक असतो: ही मलमे कपड्यांत आणि अंथरुणात मुरली की ते कापड आगीजवळ झपाट्याने पेट घेते, आणि धुतल्यानेही हा अंश पूर्ण जात नाही. म्हणून मलम लावलेल्या व्यक्तीने पेटती सिगारेट, मेणबत्ती, शेगडी यांपासून दूर राहावे.

तेलांच्या बाबतीत सरसकट विधान करता येत नाही. 2013 च्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचा थर कमकुवत झाल्याचे दिसले, तर सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. ऑलिव्ह तेलातील ओलेइक आम्लाचे मोठे प्रमाण पेशींमधल्या स्निग्ध थराची मांडणी विस्कळीत करते. तेव्हा तेल म्हटले की ते निरुपद्रवीच, हा समज सोडावा.

तिसरी पायरी: दाह आटोक्यात आणणे

त्वचा लालसर, सुजलेली, खाजरी किंवा पाझरणारी असेल तर पहिल्या दोन पायऱ्या कितीही निष्ठेने केल्या तरी पुरत नाहीत. गडद वर्णाच्या त्वचेवर हा लालसरपणा जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो आणि त्यामुळे दाहाची तीव्रता कमी लेखली जाते. जोवर इंटरल्यूकिन-4 आणि 13 यांचा जोर कायम आहे, तोवर त्वचा फिलॅग्रिन आणि सिरॅमाइड पुरेसे बनवणारच नाही. म्हणून दाह शमवणारे औषध हे थर दुरुस्त करण्याचेच साधन आहे.

स्टेरॉइडच्या मलमाविषयीची भीती बहुधा चुकीच्या जागी केंद्रित झालेली असते. तीव्र स्टेरॉइड महिनोन्महिने, विशेषतः चेहरा, पापण्या, मान व जांघा अशा पातळ त्वचेवर लावल्यास त्वचा विरळ होते आणि तिची स्निग्ध घटक बनवण्याची क्षमताही घटते, हे खरे आहे. परंतु योग्य तीव्रतेचे मलम ठरावीक दिवस लावून दाह पूर्ण बसवणे हे दोन दिवस लावून पाच दिवस सोडण्यापेक्षा सुरक्षित असते, कारण अर्धवट शमलेला इसब लगेच उलटतो आणि अखेरीस औषध अधिक लागते. तीव्रता, जागा आणि मुदत त्वचारोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेले मलम दुकानातून परस्पर आणून लावू नये.

प्रमाणासाठी बोटाच्या पेराचे माप सोयीचे आहे. नेहमीच्या तोंडाच्या ट्यूबमधून प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि प्रौढाचे दोन तळहात, बोटांसह, जेवढी जागा व्यापतील तेवढ्या त्वचेला ती पुरते. सामान्यतः दिवसातून एकदा लावणे पुरेसे असते. मॉइश्चरायझर आधी की औषध आधी, हा वाद घालण्यासारखा नाही. दोहोंमध्ये थोडा अवधी ठेवावा म्हणजे औषध पातळ होत नाही.

दाह बसल्यावर त्वचा डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण आतला थर पूर्णपणे सावरलेला नसतो. ज्यांचा इसब ठरावीक जागी वारंवार उलटतो त्यांना तज्ज्ञ त्या जागी आठवड्यातून दोन दिवस औषध चालू ठेवण्यास सांगतात, आणि ही पद्धत उलटण्याचे प्रमाण घटवते. चेहरा व पापण्यांसाठी टॅक्रोलिमस किंवा पिमेक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या, दाह शमवणाऱ्या मलमांचा पर्याय असतो. त्यांनी त्वचा विरळ होत नाही, मात्र सुरुवातीचे काही दिवस जळजळ होऊ शकते. मलमांना दाद न देणाऱ्या मध्यम ते तीव्र इसबासाठी डुपिलुमॅब हे इंजेक्शन आहे, जे इंटरल्यूकिन-4 आणि 13 या दोहोंचा ग्राहक अडवते. अमेरिकेत त्याला 2017 मध्ये मान्यता मिळाली. या उपचाराने दाह कमी झाल्यावर त्वचेचा थरही सुधारतो.

चौथी पायरी: खाजवणे, कपडे आणि हवा

खाजवल्याने थर फाटतो, आणि जखमी पेशी दाहाचे नवे संदेश सोडतात. नखे आखूड कापून कडा घासून गुळगुळीत ठेवाव्यात. खाज अनावर झाल्यास त्या जागी गार, ओलसर फडके ठेवावे किंवा तळव्याने दाबावे, आणि मग मॉइश्चरायझर लावावे. ते फ्रीजमध्ये थंड करून लावल्यास अनेकांना बरे वाटते. पाझरत्या, तीव्र टप्प्यात ओल्या पट्ट्या उपयोगी पडतात, पण पट्टीखाली स्टेरॉइडचे शोषण वाढत असल्यामुळे त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापराव्यात.

कपडे मऊ, सुती आणि सैल असावेत. खास रेशमी कपड्यांचा 2017 च्या चाचणीत अतिरिक्त फायदा दिसला नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतील एन्झाइमांविषयी विनाकारण धास्ती असते: 1960 च्या दशकाच्या अखेरीस अशी पावडर बनवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना एन्झाइमांची धूळ श्वासात जाऊन दमा झाला होता, त्याची ती सावली असावी. नीट खळबळलेल्या कपड्यांतून इसब चिघळल्याचे नियंत्रित अभ्यासांत आढळलेले नाही. खळबळणे मात्र भरपूर हवे, आणि सुगंधी द्रव टाळावेत.

घाम आला की तो साध्या कोमट पाण्याने धुऊन पुन्हा मॉइश्चरायझर लावावे; व्यायाम सोडण्याची गरज नाही. कोरड्या, थंड हवेत मॉइश्चरायझरची एखादी खेप वाढवावी.

जे करू नये

एन्झाइमांचा संबंध कळल्यावर काहींना थेट त्यांच्यावरच उपाय करण्याचा मोह होतो. “एन्झाइम पील” म्हणून विकले जाणारे मुखलेप हे बहुधा पपईतील पपेन किंवा अननसातील ब्रोमेलेन यांवर आधारलेले असतात आणि त्यांचे काम प्रथिने तोडणे हेच असते. ज्या त्वचेत तोडणारे एन्झाइम आधीच अनावर आहेत तिच्यावर ते लावणे म्हणजे आजाराला हातभार लावणे होय. सामू खाली आणायचा म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावणेही तसेच धोक्याचे. सौम्य केलेल्या सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये हात बुडवण्याचा प्रयोग इसबाच्या रुग्णांवर झाला आहे. त्यात थर सुधारला नाही आणि बहुतेकांना त्वचेची चुरचुर मात्र झाली. आम्ल ओतल्याने त्वचेची स्वतःची आम्लता परत येत नाही, ती आम्लता निर्माण करणारी घडण सावरल्यावर येते. ब्लीचच्या पाण्याची अंघोळ काही तज्ज्ञ सुचवतात, पण तिच्या उपयोगाविषयीचे पुरावे संमिश्र आहेत आणि प्रमाण चुकल्यास त्वचा भाजते. स्वतःच्या मनाने ती करू नये. खाद्यपदार्थांचे लेप फुटलेल्या त्वचेवर लावण्याचा आणखी एक तोटा असा की कमकुवत थरातून आत गेलेल्या अन्नातील प्रथिनांमुळे त्या अन्नाचीच ॲलर्जी जडू शकते.

तान्ह्या बाळांसाठी

जन्मतः बाळाच्या त्वचेचा सामू उदासीनच्या जवळ असतो आणि पुढील दिवसांत व आठवड्यांत तो हळूहळू आम्लधर्मी होतो. त्यामुळे या काळात साबण जितका कमी तितके बरे. लंगोटाच्या जागी मूत्रातून तयार होणारा अमोनिया सामू वर नेतो आणि त्यामुळे विष्ठेतील प्रथिने व मेद तोडणारे एन्झाइम अधिक सक्रिय होतात. म्हणून लंगोट वेळेवर बदलणे आणि झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर लावणे हे तेथे मुख्य उपचार ठरतात. निरोगी बाळाला पहिल्या दिवसापासून मॉइश्चरायझर फासल्यास इसब टळेल ही आशा मात्र 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या युरोपीय चाचण्यांत फलद्रूप झाली नाही. इसब झालेल्या बाळाला ते लावण्याची गरज त्यामुळे कमी होत नाही.

किती वाट पाहावी आणि केव्हा थांबू नये

साबण बदलल्यावर ताण आणि झोंबणे काही दिवसांत कमी होते. दाह योग्य औषधाने साधारण एक-दोन आठवड्यांत उतरावा. संपूर्ण थर नवा होण्यास चार आठवडे लागतात. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि दर आठवड्याला त्याच प्रकाशात त्याच जागेचे छायाचित्र घ्यावे. रात्री किती वेळा जाग आली आणि किती औषध संपले हेही टिपून ठेवावे. या नोंदी डॉक्टरांना वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

पिवळ्या खपल्या, पू, वाढता दुखरेपणा किंवा ताप ही जिवाणूसंसर्गाची लक्षणे आहेत आणि त्यांसाठी एक-दोन दिवसांत दाखवावे. एकसारख्या आकाराचे, टोकदार सुरीने खणल्यासारखे छोटे फोड किंवा खळगे झपाट्याने पसरत असतील, वेदना खाजेपेक्षा अधिक असेल आणि अंगात ताप असेल, तर तो नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूचा इसबावर झालेला संसर्ग असू शकतो. तो डोळ्यांपर्यंत व शरीरात पसरू शकत असल्यामुळे त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि फोडांवर मलमांचे प्रयोग करत वेळ घालवू नये. दोन आठवडे नीट उपचार करूनही फरक नसेल, किंवा प्रौढ वयात प्रथमच एकाच बाजूला किंवा एकाच जागी न हटणारा चट्टा उठला असेल, तर तो इसबच आहे का, की गजकर्ण, सोरायसिस किंवा स्पर्शजन्य ॲलर्जी, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. त्या भेटीला जाताना घरात वापरात असलेली सर्व मलमे, क्लीन्झर आणि केसांची उत्पादने वेष्टनासह बरोबर न्यावीत.